अंग आखडतंय? ओढू नका, भार द्या

दोन्ही तळहात छातीसमोर जोडून नमस्कार करा. जाता-येता करतो तसा नव्हे. कोपरं बाजूला उचललेली, तळव्याला तळवा आणि पेराला पेर टेकेल असा. आता तो बाजूने न्याहाळा. करंगळ्या आणि अनामिका जुळतात, की कितीही जोर लावला तरी मधल्या पेरांपाशी फट राहते? मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर कधीकधी मुद्दाम असा नमस्कार करायला लावतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ती कातडीतल्या आणि सांध्यांभोवतीच्या कोलॅजन या प्रथिनाला चिकटते. त्याच्या धाग्याधाग्यांत नको तिथे बंध तयार होतात आणि लवचीक भाग ताठर होत जातो. बोटं आधी बोलतात, खांदा नंतर. एवढ्यावरून निदान होत नाही, कारण संधिवात किंवा जुनी दुखापत असली तरी फट राहू शकते. पण फट दिसली आणि गेल्या वर्षभरात साखर तपासलेली नसेल, तर पुढचं वाचण्याआधी प्रयोगशाळेची वेळ घेऊन ठेवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न आडवळणाचा नाही.

शाळेत ‘संयोजी ऊती’ म्हणून जे पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो, ते हेच. हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा (बोलताना आपण त्यांना सरसकट ‘शीर’ म्हणतो), सांध्याभोवतीची पिशवी, आणि प्रत्येक स्नायूवर चढलेलं पातळ अस्तर, म्हणजे फॅशिया. मटण साफ करताना बोटांना लागणारा, सुरीलाही दाद न देणारा पांढरा चिवट पापुद्रा हा फॅशियाच. या सगळ्याचा मुख्य ऐवज कोलॅजन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पंचवीस ते तीस टक्के वाटा एकट्या कोलॅजनचा आहे. त्याच्या रेणूची तीन पेडांची रचना प्रथम मांडली ती मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी, 1954 साली. कोलॅजनच्या महागड्या डब्यांवर हसऱ्या नट्या दिसतात, या दोघांचं नाव मात्र कुठेच दिसत नाही.

या ऊतीचा स्वभाव एकदा कळला की अर्ध्या चुका आपोआप टळतात. तिच्यात रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश बदलते. स्नायू काही आठवड्यांत दाद देतो, कंडरेला महिने लागतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 साली हे फार चतुराईने दाखवलं. अणुचाचण्यांमुळे 1955 ते 1963 या काळात हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. टाचेमागच्या जाड कंडरेत त्याचं प्रमाण मोजल्यावर दिसलं, की तिचा गाभा माणसाच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत घडतो आणि पुढे जवळपास तोच राहतो. साठीतला माणूस ज्या कंडरेवर चालतो तिचा गाभा कॉलेजच्या दिवसांतला असतो. भोवतीची डागडुजी मात्र आयुष्यभर चालू राहते. ती कुठे, किती आणि कोणत्या दिशेने करायची याचा हुकूम एकाच गोष्टीकडून मिळतो: त्या जागेवर पडणारा भार. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला की कंडरा कमकुवत होते ती यामुळेच. चाळीस वर्षं खुर्चीत बसून होणारा परिणाम याच जातीचा, फक्त संथ.

ताण देण्यातला गैरसमज

अंग आखडलं की आपण ते ओढतो. वाकून पायाचे अंगठे धरायचे, दात-ओठ खायचे, आणि दोन आठवड्यांत हात चार बोटं खाली गेला की म्हणायचं, शिरा मोकळ्या झाल्या. हात खाली जातो हे खरं, पण सुरुवातीच्या त्या आठवड्यांत शीर लांब झालेली नसते. मेंदूने तेवढा ताण सहन करायला परवानगी दिलेली असते, इतकंच. हा फायदाही खोटा नाही. उंच कपाटातला डबा काढता आला तर तो कशामुळे आला याच्याशी आपल्याला काय करायचंय? मात्र जी कंडरा दुखते आहे ती ओढून बरी होईल, ही समजूत सोडायला हवी. दुखऱ्या कंडरेला बहुतेक वेळा हवं असतं ते मोजून-मापून दिलेलं काम.

याचा सर्वांत गाजलेला दाखला स्वीडनमधला आहे. हाकान आल्फ्रेडसन हे अस्थिशल्यचिकित्सक. त्यांची स्वतःची टाचेमागची शीर दुखत होती आणि शस्त्रक्रियेला वरिष्ठ तयार होईनात. मग त्यांनी वैतागून ती तुटावी म्हणूनच टाच खाली सोडण्याचा जोरदार व्यायाम सुरू केला आणि शीर तुटायच्या ऐवजी बरी झाली, असं ते सांगतात. तो व्यायाम 1998 साली त्यांनी 15 हौशी धावपटूंवर करून पाहिला. बारा आठवड्यांत सगळे पुन्हा धावू लागले. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट तो किंवा त्याचा सौम्य अवतार शिकवतात.

करायचा असा. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर फक्त चवडे टेकवून उभे राहा, टाचा हवेत, एक हात कठड्यावर. दोन्ही पायांनी टाचा वर उचला. सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्या, दुसरा पाय उचला, आणि ती एकच टाच मनात चार आकडे मोजत पायरीच्या पातळीखाली सोडा. पोटरी ताणलेली जाणवेल. वर येताना पुन्हा दोन्ही पाय वापरा. अशा 15 वेळा, तीन फेऱ्या. मग तेवढंच गुडघा किंचित वाकवून. मूळ पद्धतीत हे दिवसातून दोनदा, रोज, बारा आठवडे आहे. नोकरदार माणसाला ते झेपत नाही, हे मी पदरचं सांगत नाही, फिजिओथेरपिस्टही मान्य करतात. आठवड्यातून तीनदा, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी टाकून, पण फार सावकाश केलं तरी गुण तितकाच येतो. दुखणं कंडरेच्या मधल्या भागात नसून थेट टाचेच्या हाडावर असेल, तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका. सपाट जमिनीवरच वर-खाली करा, कारण खाली नेलं की ती जागा हाडावर दाबली जाते.

व्यायाम करताना दुखलं तर? थोडं दुखू द्यावं. दहापैकी चारपर्यंत चालेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवं. नाही आलं तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. फारच ठणकत असेल त्या दिवसांत हालचाल न करता नुसतं धरून ठेवा: दोन्ही चवड्यांवर उभं राहून टाचा अर्ध्यावर उचललेल्या, 30 ते 45 सेकंद, चार-पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. वजन घेऊन केलेला जड व्यायाम एक दिवसाआडच करावा. जड भारानंतरचे पहिले 24 ते 36 तास कोलॅजनची मोडतोड भरण्यापेक्षा जास्त असते, भरणी त्यानंतर वरचढ होते. रोज जोर काढणारा माणूस तोट्याच्या बाजूलाच राहतो.

हा हिशेब वारीला जाणाऱ्यांनी जरूर मांडावा. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. वर्षभर गल्ल्यावर किंवा संगणकासमोर बसलेला माणूस ज्येष्ठात अचानक दिवसाला वीस किलोमीटर चालू लागतो. छातीचा भाता आणि मांड्या तग धरतात, टाचा मात्र लोणंदच्या आसपास बोलू लागतात. गुढीपाडव्याला सुरुवात केली तर पालखी निघेपर्यंत जवळजवळ बारा आठवडे मिळतात, कंडरेला लागतात तेवढेच. चालणं दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि वरचा पायरीचा व्यायाम सोबत ठेवा. पावसाळ्यात गड चढायला निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की गुडघ्याखालच्या शिरेवर खरा भार उतरताना येतो. म्हणून तयारीही उतरण्याची करावी: पायरीवरून एक पाय खाली सोडत, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून, हळूहळू.

सकाळचं पहिलं पाऊल

अंथरुणातून उठून पाय जमिनीला टेकवला की टाचेत खिळा घुसतो, दहा पावलं चालल्यावर कमी होतो, आणि दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. तळपायाच्या जाड पट्ट्याचं हे दुखणं पोळ्यांच्या ओट्यापाशी उभ्या असणाऱ्यांना, वाहतूक पोलिसांना, दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना गाठतं. पाय खाली टेकवण्याआधीच बिछान्यावर बसून दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून पाहा. पट्टा तारेसारखा ताठ लागला म्हणजे बरोबर ओढलंत. दहा सेकंद धरा, दहा वेळा. शिवाय एक दिवसाआड पायरीवर पायाच्या बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवून टाच उचला: तीन आकड्यांत वर, दोन आकडे वरच, तीन आकड्यांत खाली, बारा वेळा. या टॉवेलच्या व्यायामाने नुसत्या ताणापेक्षा तीन महिन्यांत जास्त आराम पडतो असं 2014 सालच्या एका डॅनिश अभ्यासात दिसलं होतं. आणि घरातल्या फरशीवर अनवाणी फिरणं काही महिने थांबवा. स्वयंपाकघरात चपला चालत नसतील तर घरापुरता एक वेगळा, स्वच्छ जोड घ्या. त्यावर वाद घालण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

खांद्याचं दुखणं याहून खट्याळ. चाळिशी ते साठीत, बायकांना अधिक आणि मधुमेह असलेल्यांना तर फारच अधिक, सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आवळते. ब्लाउजचा मागचा हूक लावता येत नाही, पुरुषांचा हात मागच्या खिशातल्या पाकिटापर्यंत पोचत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. आधी ठणका, मग ताठरपणा, मग हळूहळू सुटका असा प्रवास, एक ते तीन वर्षांचा. ठणक्याच्या काळात हात जबरदस्तीने वर खेचून घेऊ नका. तो शूरपणा महागात पडतो. टेबलावर एक हात टेकून, कमरेतून वाकून, दुखरा हात सैल लोंबकळता ठेवून लहान झोके द्या. भिंतीवर बोटांनी चालत हात सोसेल तितका वर न्या. ठणका ओसरला की मग नेट लावायचा. लवकर गेलात तर डॉक्टर सांध्यात एखादं इंजेक्शन सुचवतील, त्याने सुरुवातीचे महिने सुसह्य होतात. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, हे आधीच विचारून घ्या.

पाय मुरगळला तर लगेच चोळून किंवा ‘शीर बसवून’ घेऊ नका. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढा. यांपैकी काही नसेल तर दोन-तीन दिवसांत सोसेल तशी हालचाल सुरू करा. पुढे महिना-दोन महिने दात घासताना त्या एका पायावर उभे राहा. हा कंटाळवाणा भाग टाळणाऱ्यांचाच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

जमिनीवर बसणं

मांडी घालणं, उकिडवं बसणं, विळीवर भाजी चिरणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं, या सगळ्यांतून घोटे, गुडघे आणि खुब्याचे सांधे दिवसातून अनेकदा पूर्ण वाकत. कमोड, डायनिंग टेबल आणि उंच ओटा आले आणि ही सगळी हालचाल वर्षभरात एकदा, सत्यनारायणाच्या पूजेपुरती उरली. ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत त्यांना कमोड हे वरदानच आहे, त्यांनी कुणाच्या टोमण्यांना भीक घालू नये. पण गुडघे धड असताना चाळिशीतच जमीन सोडू नका. वर्तमानपत्र चटईवर वाचा, पालेभाजी खाली बसून निवडा, दर दहा मिनिटांनी बैठक बदला. बऱ्याच वर्षांनी उकिडवं बसत असाल तर टाचांखाली जाड पुस्तक ठेवा, दाराची चौकट धरा आणि अर्ध्या मिनिटापासून सुरू करा.

आसनं करणाऱ्यांना पुण्यातच एक चांगला धडा मिळतो. बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, घोंगड्या, खुर्च्या वापरून आसनं शिकवली. तिथे आधार घेऊन एकाच स्थितीत बराच वेळ, झटका न देता राहायचं असतं. ऊतीला हेच मानवतं. एका ताणाला 30 सेकंद, म्हाताऱ्या माणसांना मिनिटभर, आठवड्यातून दोन-तीनदा दिले तरी पुरतात. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना एकच विनंती: झोपेतून उठल्या उठल्या पादहस्तासनात जाऊ नका. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तासभर घरात वावरा, मग चटई अंथरा.

फोम रोलरने फॅशियाच्या ‘गाठी फुटतात’ हा जिममधला प्रचार आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा इतका चिवट असतो, की हाताच्या किंवा रोलरच्या दाबाने तो लांब होत नाही. थोडा वेळ मोकळं वाटतं, तेवढ्यासाठी वापरायला हरकत नाही. दिवाळीच्या अभ्यंगाचंही तसंच. तेल कंडरेपर्यंत पोचत नाही, पण ऊब आणि चोळणं यांनी अंग हलतं होतं, आणि सणाची सकाळ चांगली जाते हे काय कमी आहे?

ताटात काय हवं

कोलॅजनचे पेड घट्ट वळायला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात. जहाजावरच्या खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच. जेम्स लिंड या डॉक्टरने 1747 साली 12 आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, त्यात संत्री-लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर उठले. आपल्याला रोज 65 ते 80 मिलिग्रॅम पुरतं. एक मध्यम पेरू खाल्ला की विषय संपतो. पेरू नसेल तेव्हा वरणावर लिंबू पिळा, पण पातेलं उतरवल्यावर, कारण उकळीत ते जीवनसत्त्व नासतं. कच्च्या कोबीची कोशिंबीर, ओली कोथिंबीर, आवळा, सगळं चालेल.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. चहा-खारी, पोहे आणि वाटीभर पातळ आमटी यांत तेवढी होत नाहीत, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायकांची. धान्यात लायसिन कमी असतं, ते डाळी-उसळींतून भरून निघतं. म्हणून आमटी दाट करा, मटकी-हुलगे-चवळी आलटून पालटून, सोबत दही. खाणाऱ्यांनी अंडी, मासे.

कोलॅजनची पावडर? पोटात गेल्यावर तिचे तुकडे होतात आणि ते तुकडे थेट तुमच्या गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. व्यायामाच्या तासभर आधी 15 ग्रॅम जिलेटिन क जीवनसत्त्वासह घेतल्यावर कोलॅजन तयार होण्याची रक्तातली खूण वाढल्याचं 2017 सालच्या एका अभ्यासात दिसलं, पण त्यात होते अवघे आठ तरुण. मांसाहारी घरात बाजूला लिंबू ठेवून पायाचं सूप घ्या, चव तरी मिळेल. ‘शाकाहारी कोलॅजन’ म्हणून विकलं जातं त्यात बहुधा कोलॅजन नसतंच, कारण वनस्पतींत ते तयार होत नाही. ते पैसे पनीर आणि पेरूला द्या. आणि बादलीभर पाणी प्यायल्याने फॅशिया मऊ होत नाही. तहान लागेल तसं प्या.

कोलॅजन कमी पडणं वाईट, तसं नको तिथे वाढणंही वाईट. सुपारीतला अरेकोलिन हा घटक तोंडातल्या अस्तराला जादा कोलॅजन बनवायला लावतो. गाल आतून चामड्यासारखे कडक होतात, तिखट सोसवत नाही, आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे जा. हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू नसलेली गोड सुपारीही हेच करते, आणि ती मुखवास म्हणून लहान मुलांच्या हातावरही ठेवली जाते.

काही जणांना या लेखातला ताणाचा भाग मुळीच नको. अंगठा मागे वळून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कोपर-गुडघे उलटे वाकतात, खांदा सहज निखळतो, अशी माणसं योगवर्गात कौतुकाचा विषय असतात. त्यांचे अस्थिबंध जन्मतःच सैल असतात. त्यांनी आणखी लवचीक होऊ नये, स्नायू बळकट करावेत. गरोदरपणातही बंध सैलावतात, तेव्हा टोकाचे ताण टाळावेत.

आता औषधांबद्दल. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या गटातली प्रतिजैविकं क्वचित कंडरेला इजा करतात, ती तुटूही शकते. साठीपुढे आणि स्टेरॉइड चालू असताना धोका वाढतो. जुलाब लागले म्हणून औषधाच्या दुकानातून ती परस्पर घेऊ नका. डॉक्टरांनी दिली आणि टाचेमागे दुखू लागलं तर व्यायाम थांबवून त्यांना त्याच दिवशी कळवा. एकाच कंडरेभोवती पुन्हा पुन्हा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतल्यानेही ती कमकुवत होते.

रविवारी टर्फवर क्रिकेट खेळताना मागून कुणी पोटरीवर लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही, आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल, बोटांचे सांधे सुजून गरम लागत असतील, तर तो वातरोग असू शकतो आणि त्याला व्यायामाच्या आधी औषध लागतं. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तर वरचे पायरीचे व्यायाम बूट घालून, फिजिओथेरपिस्टसमोर सुरू करा, आणि रोज रात्री तळवे आरशात पाहून मगच झोपा.